दोन टक्के देणाऱ्या टॉवर कंपनीच्या अध्यक्षांस

अध्यक्ष महोदय,



तुमच्या कंपनीचा सामाजिक उत्तरदायित्वाचा ताजा अहवाल माझ्यासमोर आहे. मुखपृष्ठावर मंडणगड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेची मुलं आहेत आणि प्रत्येकाच्या पाठीला तुमचं नाव छापलेलं दप्तर आहे. फोटो चांगला आलाय. मुलं मनापासून हसताहेत आणि त्यांना दप्तरांची गरज होती हेही खरं. त्याच शाळेत मी चौथीपर्यंत शिकले, म्हणून त्या फोटोच्या चौकटीबाहेर काय राहिलं तेही मला माहीत आहे. शाळेमागच्या कातळावर उभा असलेला चाळीस मीटरचा टॉवर तुमचा आहे. तुमच्या फोटोग्राफरनं नुसती मान वळवली असती, तरी कुंपणातला जनरेटर, त्याच्याभोवती डिझेलनं काळी पडलेली माती, पोट फुगलेल्या बॅटऱ्यांची रास आणि कित्येक महिने पगार न मिळालेला राखणदार, एवढं सगळं एका फोटोत मावलं असतं. त्याला तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला दप्तरांचे पैसे मिळाले होते.

तुमचं आणि कंपनीचं नाव मी लिहीत नाही. ते लिहिलं तर बाकीच्या टॉवर कंपन्यांचे अध्यक्ष सुटकेचा निःश्वास टाकतील. तो त्यांना टाकू द्यायची माझी तयारी नाही.

कायदा तुम्हाला पाठ असेल. वाचकांसाठी थोडक्यात सांगते. कंपनी कायदा 2013, कलम 135. ज्या कंपनीचं नक्त मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान 2 टक्के समाजाच्या कामासाठी खर्च करायचे. 1 एप्रिल 2014 पासून हे लागू आहे. कंपनी जिथे धंदा करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही त्याच कलमात म्हटलंय. आणि नियमांत एक महत्त्वाची अट आहे: कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम या दोन टक्क्यांत धरता येत नाही. म्हणजे आपली बॅटरी आपण उचलली, आपल्या जनरेटरचा धूर कमी केला, आपल्या राखणदाराला पगार दिला, तर त्याला समाजसेवा म्हणता येणार नाही.

ही अट मला पटते. आपला उकिरडा आपण उचलला म्हणून सत्कार मागायला कुणी येऊ नये, म्हणूनच ती घातली आहे. तुम्ही तिचा उलटा अर्थ लावलात. जे दोन टक्क्यांत बसत नाही ते समाजाचं नाही, मग ते आपलंही नाही, ते कंत्राटदाराचं. लेकाच्या लग्नात गावजेवण घालणाऱ्या आणि घरच्या गड्याला मागच्या पडवीत उपाशी बसवणाऱ्या खोतासारखं हे झालं. गावजेवणाच्या पंगती तुमच्या अहवालात आहेत. या पत्रात मी पडवीबद्दल लिहिणार आहे.

सुरुवात टॉवरवर चढणाऱ्या माणसापासून करते. धंद्यात त्याला रिगर म्हणतात. बहुतेक मुलं विशी-पंचविशीतली, आयटीआय झालेली किंवा तेही न झालेली. अँटेनाची दिशा बदलायची असो, मायक्रोवेव्हची थाळी वाऱ्यानं हलली म्हणून सरळ करायची असो की शेंड्यावरचा लाल दिवा बदलायचा असो, हाच चढतो. चढताना पूर्ण अंगाचा पट्टा हवा आणि त्या पट्ट्याला दोन दोऱ्या हव्यात, म्हणजे एक हुक सोडण्याआधी दुसरा अडकलेला असतो आणि माणूस एक क्षणही मोकळा राहत नाही. खाली लक्ष ठेवायला एक जण हवा. पावसात, सोसाट्याच्या वाऱ्यात, विजा चमकत असताना चढायचंच नाही. हे सगळं तुमच्या सुरक्षापुस्तिकेत रंगीत चित्रांसह छापलेलं आहे. आमच्या टॉवरवर जुलैत चढलेल्या मुलाकडे कमरेचा एक जुना पट्टा होता आणि एकच दोरी. खाली लक्ष ठेवायला म्हणून जो होता तो गाडीचा ड्रायव्हर होता आणि तो गाडीत झोपला होता. मुलगा उतरल्यावर मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, दोन दोन हुक लावत बसलो तर साईट वेळेत वर येत नाही. मग सुपरवायझर पैसे कापतो."

हे पैसे कापणं कुठून सुरू होतं ते तुम्ही जाणता. तुमची कंपनी मोबाइल कंपन्यांना टॉवरवरची जागा आणि वीज भाड्यानं देते. करारात लिहिलेलं असतं की साईट नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक वेळ चालू राहिली पाहिजे, नाहीतर दंड. दंड तुम्हाला बसतो, तुम्ही तो देखभालीच्या वेंडरच्या बिलातून वळता करता, वेंडर उपकंत्राटदाराच्या, आणि उपकंत्राटदाराच्या खाली ज्याच्याकडून वसूल करता येईल असा एकच माणूस उरतो. रात्री दोन वाजता साईट डाउन झाल्याचा मेसेज मुंबईच्या कंट्रोल रूममध्ये येतो आणि त्या दंडाची भीती पावसात मोटारसायकलवर कॅन बांधून निघालेल्या पोराच्या पोटात उतरते. त्या पोराचं नाव तुमच्या कुठल्याच रजिस्टरात नाही.

कागदोपत्री तो तुमचा नाही. पण कंत्राटदारानं मजुरी थकवली तर ती मूळ मालकानं द्यायची, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात लिहिलेलं होतं. नोव्हेंबर 2025 मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या आणि तो जुना कायदा संपला, तरी ही जबाबदारी नव्या संहितेनं तशीच ठेवली आहे. कामावरच्या अपघाताची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते हे तर 1923 पासून आहे, इंग्रजांच्या काळापासून. केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं 2019 मध्ये जबाबदार उद्योगासाठी नऊ तत्त्वं ठरवली. त्यातलं तिसरं तत्त्व कामगारांच्या भल्याविषयी आहे आणि त्यात कंपनीच्या मूल्यसाखळीतले कामगारही स्पष्ट शब्दांत धरलेले आहेत. तुमच्या अहवालात या नऊ तत्त्वांचं सुंदर चक्र छापलंय, नऊ रंगांत. तिसऱ्या तत्त्वाचा रंग नारिंगी आहे. त्या नारिंगी पाकळीखाली आमच्या राखणदाराच्या थकलेल्या पगाराबद्दल एक ओळ नाही.

राखणदाराबद्दल आणखी सांगायला हवं. आमच्या वाडीतलाच माणूस. जागा त्याच्या चुलत्याची, म्हणून साईटवर घरच्याच माणसाला काम देऊ असं तोंडी ठरलं होतं. पहिल्या कंत्राटदारानं वर्षभर पगार नीट दिला. मग कंत्राटदार बदलला, मग पुन्हा बदलला. प्रत्येक नव्या कंत्राटदारानं सांगितलं की आधीची थकबाकी आधीच्याकडून घ्या. आधीच्याचा फोन लागत नाही. एकदा बॅटऱ्या चोरीला गेल्या तेव्हा मात्र सगळ्यांना त्याचा पत्ता बरोबर सापडला, पोलिसांनाही. चौकशीत काही निघालं नाही. साईटवर आता कॅमेरा आणि सेन्सर बसलेत आणि कुंपणाचं दार उघडलं की मुंबईत कळतं. माणसाला कुणी कामावरून काढल्याचंही सांगितलं नाही. तो अजून रात्री जाऊन बसतो, कारण काम सोडलं तर थकलेले पैसे बुडतील असं त्याला वाटतं. त्याला काय उत्तर द्यायचं ते तुम्ही मला लिहून कळवा. मी त्याला वाचून दाखवेन.

आता डिझेल. या देशातले टॉवर वर्षाला सुमारे 200 कोटी लिटर डिझेल जाळतात, असा अंदाज दूरसंचार नियामक प्राधिकरणानं 2011 मध्ये मांडला होता. एक लिटर डिझेल जळलं की अडीच किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जानेवारी 2012 मध्ये दूरसंचार विभागानं निर्देश काढले: 2015 पर्यंत ग्रामीण भागातले निम्मे आणि शहरांतले वीस टक्के टॉवर सौर, पवन अशा अक्षय ऊर्जेच्या जोडीनं चालले पाहिजेत, आणि 2020 पर्यंत ग्रामीण भागात हे प्रमाण पंचाहत्तर टक्क्यांवर गेलं पाहिजे. आमचा टॉवर ग्रामीण भागात आहे. कातळावर आहे, सावली धरणारं एक झाड जवळ नाही, मे महिन्यात पाय ठेववत नाही इतकं ऊन तिथे असतं. 2015 गेलं, 2020 गेलं, सौर पॅनल काही आलं नाही. अहवालात मात्र तुम्ही आमच्या शाळेत लावलेल्या झाडांचा फोटो आहे. पंधरा ऑगस्टला लावलेली ती झाडं पुढच्या उन्हाळ्यात पाण्याविना वाळली, कारण पाणी घालण्याची तरतूद प्रकल्पात नव्हती. झाडं लावणं दोन टक्क्यांत बसतं. जनरेटरचा धूर थांबवणं बसत नाही. म्हणून तुम्ही झाडं लावलीत.

आणि आवाज. जनरेटरच्या पेटीपासून एक मीटरवर 75 डेसिबलहून जास्त आवाज नको, असा नियम वीस वर्षांपूर्वीच लागू झाला. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. आमच्या साईटच्या जनरेटरच्या पेटीचं एक दार गेल्या पावसाळ्यात निखळलं आणि तेव्हापासून ते कुंपणाला टेकवून ठेवलंय. तुमचे लोक येतात, डिझेल भरतात, दाराकडे बघतात आणि जातात. दार बसवायला एक वेल्डर आणि अर्धा दिवस लागेल. शाळेची भिंत रंगवायला तुमचे वीस स्वयंसेवक टी-शर्ट घालून आले होते, त्यातल्या दोघांना तरी हे जमलं असतं.

बॅटऱ्यांचं अधिक गंभीर आहे. एका साईटवर शिसे आणि आम्ल असलेल्या दोन-दोन व्होल्टच्या चोवीस बॅटऱ्या एकत्र जोडून 48 व्होल्टची बँक करतात. त्यांचं आयुष्य संपलं की कुठे नेऊन कुणाच्या ताब्यात द्यायच्या याचे नियम 2001 पासून आहेत आणि 2022 मध्ये ते नव्यानं आले. आमच्याकडे जुन्या बॅटऱ्या कुंपणाच्या कोपऱ्यात पडून राहतात. कातळावरचं पावसाचं पाणी तिथून शाळेच्या विहिरीकडे उतरतं. शिशाचा लहान मुलांच्या मेंदूवर काय परिणाम होतो हे जगाला माहीत आहे आणि शिशाचं सुरक्षित प्रमाण असं काही नाही हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळेत तुम्ही पाणी शुद्ध करणारं यंत्र दिलं आहे. ते बंद पडलंय, पण दिलं आहे.

निसर्ग चक्रीवादळाबद्दल मात्र मला शांतपणे लिहिता येत नाही. 3 जून 2020, दुपार. वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि रायगडचा दक्षिण भाग, मंडणगड, दापोली यांच्या अंगावरून गेलं. माडापोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे, कौलं गेली, विजेचे खांब हजारोंनी पडले. काही गावांत महिनाभर वीज आली नाही. टाळेबंदीचे दिवस होते. कोकणातल्या अर्ध्या घरांतला कर्ता माणूस मुंबईत, त्याला गावी जायची परवानगी नाही, आणि घरी म्हातारे आई-वडील. फोन लागत नव्हते. दिवसेंदिवस लागत नव्हते. मुंबईतली माणसं एकमेकांना विचारत होती, तुमच्या गावाचं काही कळलं का, कुणाचा निरोप आला का. माझी आई त्या घरात होती. मला ती जिवंत असल्याचं एका ट्रकवाल्याकडून कळलं.

वादळ मोठं होतं हे मला मान्य आहे. काही टॉवरच मोडले, काहींच्या तारा तुटल्या. पण आमचा टॉवर उभा होता. बॅटऱ्या काही तासांत संपल्या, जनरेटरच्या टाकीत जेवढं डिझेल होतं तेवढं जळलं आणि टॉवर मुका झाला. वादळ येणार हे हवामान खात्यानं आधीच सांगितलं होतं. टाक्या भरून ठेवायला, चार कॅन जास्तीचे उतरवायला, वाडीतल्या दोन पोरांना जनरेटर सुरू करायला शिकवून ठेवायला आदल्या दिवशीपर्यंत वेळ होता. हे कुणी केलं नाही, कारण त्या गावाला टॉवर बंद पडल्याचा दंड तुमच्याकडून मागता येत नाही. वर्षभरानं, 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं आणि महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर कोसळला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. रस्ते पाण्यात, फोन बंद, आणि मदत तळियेला पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. अशा वेळी चालू राहिलेला एक टॉवर काय करू शकतो हे तुम्हाला मी सांगायला हवं का? समाजासाठी तुमच्यासारख्या कंपनीला करता येण्याजोगं सगळ्यात मोठं काम तुमच्या धंद्यातच आहे, आणि अहवालातल्या कुठल्याही प्रकल्पाहून ते मोठं आहे.

ग्रामपंचायतीच्या कराबद्दल थोडंसं. टॉवर ही इमारत आहे आणि तिच्यावर मालमत्ता कर लावता येतो, हा गुजरातच्या प्रकरणातला निकाल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2016 मध्ये दिला. तोपर्यंत तुमच्या धंद्यातल्या कंपन्या टॉवर इमारत नाही म्हणून वर्षानुवर्षं भांडत होत्या. आता 2023 च्या दूरसंचार कायद्यात तरतूद आली की टॉवर ज्या मालमत्तेवर उभा आहे तिचा तो भाग मानू नये, मालमत्ता करासाठीही नाही. कायदा तुमच्या बाजूनं वळला, अभिनंदन करत नाही. ज्या पंचायतीच्या तिजोरीतून शाळेच्या दुरुस्तीला पैसे निघायचे, तिचा कर वकिलांच्या फौजेनं अडवायचा आणि मग त्याच शाळेला दप्तरं वाटायची, हा हिशेब मला मुळीच पटत नाही. कर हा गावाचा हक्क होता. ग्रामसभेत बसून गाव ठरवायचं की त्यातून विहीर बांधायची की रस्ता. दप्तराचा रंग तुमच्या मुंबईच्या ऑफिसात ठरला.

जागेच्या भाड्याचंही असंच. फेब्रुवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं टूजीचे 122 परवाने रद्द केले, पुढच्या काही वर्षांत एअरसेल आणि रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाइल सेवा बंद झाली, आणि देशभर कितीतरी टॉवरना भाडेकरू उरले नाहीत. ज्यांच्या गच्चीवर आणि शेतात ते उभे होते त्यांचं भाडं थांबलं, लोखंड मात्र तिथेच गंजत राहिलं. पाटण्यात तर चोरांनी कंपनीची माणसं असल्याचं सांगून दिवसाढवळ्या अख्खा टॉवर उतरवून नेला. ही बातमी लोकांनी हसत हसत वाचली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. टॉवर उभा आहे की नाही हेही मालकाला माहीत नसावं, इतकं त्याचं त्या जागेशी आणि त्या माणसांशी नातं तुटलेलं होतं.

किरणोत्सर्गाची तक्रार मी करणार नाही. टॉवरमुळे कॅन्सर होतो म्हणून आमच्याही गावात काही जण बोलतात, पण त्याला भक्कम पुरावा नाही, आणि भारतानं सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा लागू केली. 2020 मध्ये ऑनलाइन शाळा सुरू झाली तेव्हा सिंधुदुर्गातली मुलं रेंजसाठी डोंगरावर जाऊन बसत होती. आम्हाला टॉवर हवा आहे. तो नको म्हणणारी माणसं तुम्हाला सोयीची आहेत, कारण त्यांना अडाणी म्हणून बाजूला सारता येतं. मला तसं सारता येणार नाही.

यंदाच्या अहवालाची छपाई सुरू व्हायच्या आत काही कामं होऊ शकतात. राखणदाराचा थकलेला पगार कंत्राटदाराकडून निघत नसेल तर तुम्ही द्या, आणि तो नंतर कंत्राटदाराच्या बिलातून कापून घ्या. दंड कापायला जसा कापता, तसाच. प्रत्येक रिगरला दोन दोऱ्यांचा पट्टा द्या आणि खराब हवेत साईट डाउन राहिली तर तो दंड वेंडरवर ढकलणं बंद करा. जुन्या बॅटऱ्या उचलून न्या आणि त्या कुठे दिल्या त्याची पावती ग्रामपंचायतीत लावा. सौर पॅनल बसवा. पावसाळ्याआधी टाकी भरा आणि वाडीतल्या दोघांना जनरेटर चालवायचं प्रशिक्षण द्या, त्याचे पैसेही द्या. यातलं काही दोन टक्क्यांत धरता येणार नाही, म्हणून मुखपृष्ठावर छापता येणार नाही. तरी करा.

1 मे ला सकाळी आमच्या गावात ग्रामसभा असते. त्या दिवशी तुम्ही स्वतः या. देखभालीच्या कंत्राटदाराला सोबत आणा आणि गेल्या दोन वर्षांच्या पगाराच्या पावत्या घेऊन या. राखणदार तिथे असेल, त्याची वही त्याच्याकडे आहे, आणि तारखा वाचून दाखवायला मी असेन.

आपली,
मंडणगड तालुक्यातली एक ग्राहक